जखम भरून आल्यावर

आलापल्लीचें नांव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस सागवानामुळें ठाऊक असेल. ज्या घराण्यांत जुना वाडा अजून उभा आहे तेथील वडील मंडळी माजघरांतल्या खांबावर हात ठेवून ‘हा चांद्याकडचा साग’ असें अजून अभिमानानें सांगतात. चंद्रपुराहून बल्लारपूर, गोंडपिंपरी, आष्टी असें करीत गेलें कीं अहेरी तालुक्यांतील हें गांव लागतें, आणि तेथें पोहोंचल्यावर रस्त्याला फांटे फुटतात; एक सिरोंच्याकडे, एक भामरागडकडे, एक एटापल्लीकडे. सिरोंच्याच्या वाटेवर जुन्या झाडांचा एक पट्टा वनखात्यानें न तोडतां राखला आहे. त्याला ‘वनवैभव’ असें यथार्थ नांव असून २०१४ सालीं जैवविविधतेचें वारसास्थळ म्हणून त्याला शासनाची मान्यता मिळाली. तेथील सागाच्या बुंध्याशीं उभें राहून मान दुखेपर्यंत वर पाहिलें तरी शेंडा नजरेस येत नाहीं. हें सर्व लिहिण्याजोगें आहे. परंतु वनाचें वर्णन करणारे लेखक पुष्कळ आहेत, आणि त्या तीन फांट्यांवरून पायीं जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांविषयीं लिहिणारे थोडे. म्हणून आजचें लिखाण त्यांच्याविषयीं.

वाचकांस एवढें स्मरण करून दिलें पाहिजे कीं, या अरण्यांत पंचेचाळीस वर्षें एक लढाई चालली. २२ एप्रिल १९८० रोजीं आंध्रांत ‘पीपल्स वॉर’ नांवाचा पक्ष निघाला, आणि त्याच वर्षीं त्याच्या तुकड्या नदी ओलांडून सिरोंचा-अहेरीच्या बाजूस उतरल्या. त्या नोव्हेंबरांत त्यांच्यांतील पेद्दी शंकर हा तरुण पोलिसांच्या गोळीनें पडला. तेव्हां गडचिरोली हा निराळा जिल्हाहि नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून वेगळा झाला. म्हणजे हा जिल्हा जन्मल्यापासून त्यानें शांतता अशी पाहिलीच नाहीं. २००९ या एका वर्षांत फेब्रुवारींत मर्केगांव येथें पंधरा, मे महिन्यांत हत्तीगोट्याच्या रानांत सोळा व ऑक्टोबरांत लाहेरीजवळ सतरा पोलीस मारले गेले. हत्तीगोट्याच्या सोळांत पांच स्त्रिया होत्या. १ मे २०१९ रोजीं जांभुळखेड्याजवळ सुरुंगानें एक गाडी उडवली, तींत पंधरा जवान व त्यांचा गाडीवान गेला. उलट बाजूस, एप्रिल २०१८ मध्यें कसनासूरच्या रानांत इंद्रावतीच्या कांठीं चाळीसांच्या घरांत माणसें मेलीं, त्यांतहि बायका पुष्कळ होत्या. आणि या दोन्ही बाजूंच्या मध्यें सांपडलेले गांवकरी ते निराळेच. खबऱ्या म्हणून मारलेले, जेवण दिलें म्हणून धरलेले, चुकून त्या वाटेनें गेलेले.

मेलेल्यांची संख्या अशी तारीखवार देतां येते. जखमींची नोंद त्याच बातमीच्या शेवटच्या ओळींत असते. ‘शिवाय अमुक जण जखमी’ एवढी. ती ओळ वाचून आपण वर्तमानपत्राचें पान उलटतों, आणि त्या जखमींपैकीं जी बाई असेल ती मात्र त्या ओळींतच पुढचीं वीस-तीस वर्षें राहते. पलटणींतला जवान कमरेपासून लुळा झाला तर त्याच्यासाठीं खडकीस १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे, त्याला पलटणीचें नांव आहे, निवृत्तिवेतन आहे. रानांतल्या बाईला कोणती पलटण? या लढाईला सरकारनें युद्ध असें कधीं म्हटलें नाहीं, तेव्हां ती युद्धांत जखमी झालेली स्त्री या सदरांतहि बसत नाहीं.

दोन वर्षांमागें चैत्रांत आम्हांस आलापल्लीस आठ दिवस राहण्याचा योग आला. आमचे एक स्नेही तेथें वनखात्यांत नोकरीस होते. त्यांच्या पडवींत एक दिवस चाळिशीच्या पुढची एक माडिया बाई बांबूच्या टोपल्या घेऊन आली. डावा पाय गुडघ्यांत वळत नव्हता. आमच्या वहिनींनीं टोपल्यांचा भाव ठरवतां ठरवतां आम्हांस हळूच सांगितलें कीं, ही कित्येक वर्षांमागें रस्त्यावरच्या स्फोटांत सांपडली होती. पण आतां बरी आहे. त्या बाईला मराठी कळत होतें. ती लगेच हंसून म्हणाली, “बरी आहो जी.”

वहिनी तेथें बारा वर्षें राहिलेल्या, मोडकी-तोडकी माडिया बोलणाऱ्या व स्वभावानें चौकस. त्यांच्याकडून पुढच्या चार-पांच दिवसांत आम्हांस या ‘बरी’ची हकीकत तुकड्या-तुकड्यांनीं कळली. ही बाई तीन कोसांवरून पायीं येते, एस्.टी.त किंवा जीपमध्यें बसत नाहीं. वाटेंत जेथें जेथें रस्त्याखालून मोरी जाते तेथें ती रस्ता सोडून खालीं नाल्यांत उतरते, पाणी असलें तर पाण्यांतून जाते, आणि पलीकडे पुन्हां रस्त्यावर चढते. सुरुंग मोरीखालीं पेरतात हें त्या मुलुखांतल्या लहान पोरासहि ठाऊक आहे. वळत नसलेला पाय घेऊन नाल्याची ती चढउतार तिनें इतकीं वर्षें केली. पडवींत बसे ती भिंतीला पाठ लावून, फाटकाकडे तोंड करून. रात्रीं तिला झोंप येत नसे. कोंबडें आरवलें म्हणजे डोळा लागे, आणि मग दुपारीं टोपली विणतां विणतां मान पडे. घरचीं माणसें वाईट नव्हतीं. त्यांनीं तिला बसून करण्याचें काम दिलें होतें.

पण हें ‘बसून करण्याचें काम’ म्हणजे त्या मुलुखांत काय, हें समजून घेतलें पाहिजे. आमच्याकडे आजारी सुनेला धान्य निवडावयास बसविलें तर तिला विश्रांति मिळाली असें होतें. तेथें मोहाचीं फुलें फाल्गुन-चैत्रांत पहांटे गळतात, आणि बायका टोपल्या घेऊन उजाडण्यापूर्वींच झाडाखालीं जातात. वैशाखांत तेंदूचीं पानें तोडावयाचीं, त्यांचे पुडे बांधावयाचे, फळीवर मोजून द्यावयाचे. चार पैसे रोख मिळण्याचे वर्षांतले हेच काय ते दिवस. त्याहूनहि मोठी गोष्ट अशी कीं, घराबाहेरची सारी बोलचाल, थट्टा, सासूची निंदा, लग्नांच्या गांठी, हें सर्व त्या झाडांखालीं होतें. जी बाई मोहाला जात नाहीं तिची मिळकत जाते, आणि तिच्या मैत्रिणीहि जातात. या बाईनें अंधारांत रानांत जाणें त्या दिवसापासून सोडलें. तिच्या ऐवजीं तिची मुलगी जाऊं लागली, आणि सहावींतून शाळा सुटली. स्फोटाच्या वेळीं ती मुलगी जन्मलीहि नव्हती. जखमींच्या कोणत्या यादींत तिचें नांव घालावें?

खरें सांगावयाचें तर ही वागणूक आम्हांस अगदींच अनोळखी नव्हती. आमच्या आजोबांची धाकटी बहीण लग्न होऊन रंगूनला गेली होती. २३ डिसेंबर १९४१ रोजीं जपान्यांनीं रंगूनवर पहिला बाँबहल्ला केला त्यांत तिच्या खांद्यांत लोखंडाचा कपचा घुसला. पुढें लाखों हिंदी लोक ब्रह्मदेशांतून पायीं निघाले, त्यांत तीहि होती; नवरा वाटेंत गेला. ती माहेरीं परत आली ती कायमची. आत्याआजीचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे, म्हणून घरांतली कोणी ना कोणी मुलगी रोज तिची वेणी घालून देई. हें सर्वांच्या डोळ्यांसमोर होतें. परंतु रोज रात्रीं निजण्यापूर्वीं ती हातांत कंदील घेऊन घरांतलीं सर्व मुलें मोजी, दारें दोनदां पाही, आणि विमानाचा आवाज आला कीं जिन्याखालच्या अंधारांत जाऊन बसे, याला घरांत ‘तिचा स्वभाव’ म्हणत. रागानें नव्हे, कौतुकानें म्हणत. एकत्र कुटुंबाचा हाच गुण आणि हाच दोष आहे. बत्तीस माणसांच्या घरांत एकादीचा विक्षिप्तपणा सहज सामावून जातो, कोणी तिला टाकीत नाहीं. आणि सामावून गेल्यामुळेंच तिला काय होतें आहे हें विचारण्याची पाळी कोणावर येत नाहीं. ती १९८९ सालीं वारली. कपचा अखेरपर्यंत खांद्यांतच होता.

वैद्यकशास्त्रालाहि हा ‘स्वभाव’ ओळखावयास बराच वेळ लागला. पहिल्या महायुद्धांत खंदकांतले सैनिक अंगावर ओरखडा नसतां थरथरत, मुके होत. त्यांच्यावर चार्ल्स मायर्स या डॉक्टरानें १९१५ सालीं ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत निबंध लिहून ‘शेल शॉक’ हें नांव रूढ केलें. त्या काळीं पुष्कळ सेनाधिकाऱ्यांना तो भित्रेपणाच वाटे. पुढें व्हिएतनामहून परतलेल्या शिपायांच्या दशेमुळें अमेरिकन मानसवैद्यांनीं १९८० मध्यें आघातोत्तर ताणविकृति या नांवानें तिला आपल्या अधिकृत रोगयादींत जागा दिली. योगायोग असा कीं, आलापल्लीच्या रानांत लढाई उतरली तें हेंच वर्ष. मात्र खंदकांतल्या व व्हिएतनामच्या या शिपायांत बाई अशी जवळजवळ नव्हतीच. रोगाचें पहिलें चित्र पुरुषाकडे पाहून काढलेलें. ज्या बाईच्या घरावरूनच लढाई गेली, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं जिला त्याच घरांत चूल पेटवावी लागली, ती या चित्रांत मागाहून आली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीनें २०१९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें जो हिशेब प्रसिद्ध झाला त्यांत असें आढळलें कीं, युद्धग्रस्त प्रदेशांत कोणत्याहि वेळीं शेंकडा २२ माणसांना उदासीनता, चिंता, आघातोत्तर विकृति यांसारखा कांहीं ना कांहीं मनोविकार असतो, आणि उदासीनता स्त्रियांत अधिक असते. पांचांत एक! आमच्या वाचकांनीं आपल्या पंक्तींत बसलेल्या माणसांवर हा हिशेब लावून पहावा म्हणजे त्याचा अर्थ ध्यानांत येईल.

इराण-इराक युद्ध १९८० ते १९८८ चाललें. त्यांत जखमी झालेल्या इराणी स्त्रियांना संशोधकांनीं कित्येक वर्षांनीं पुन्हां गांठून त्यांच्या मनाचें स्वास्थ्य व जगण्याची प्रत यांविषयीं विचारपूस केली, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. अशा कामासाठीं जगभर छत्तीस प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. अंग किती दुखतें, दुखण्यामुळें काम किती अडतें, मन शांत असतें कीं खचलेलें, लोकांत मिसळणें कमी झालें काय, अशा तऱ्हेचे प्रश्न तींत आहेत आणि ते उत्तम आहेत. परंतु मूळ इंग्रजी प्रश्नावलींत मध्यम श्रमाचीं उदाहरणें म्हणून टेबल सरकविणें, झाडण्याचें विजेचें यंत्र ढकलणें व गोल्फ खेळणें हीं दिलीं आहेत. आमच्या टोपलीवालीला गोल्फविषयीं विचारलें असतें तर तिनें पुन्हां “बरी आहो जी” असेंच म्हटलें असतें. तिला विचारावयाचें तें असें: हंडा डोक्यावर घेतां येतो काय? मोहाला जातेस काय, आणि कोणाबरोबर? मोरीवरून चालतेस कीं नाल्यांतून? बाजारांत कोठें बसतेस? आणि रात्रीं कोंबडें आरवण्याआधीं डोळा लागतो काय?

कोणी म्हणेल, अशा गोष्टी विचारून काय होणार? याचें उत्तर त्याच जिल्ह्यांत मिळतें. डॉ. अभय व डॉ. राणी बंग हें दांपत्य १९८० नंतरच्या दशकांत गडचिरोलीस येऊन राहिलें. त्यांनीं दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली व तिचा निष्कर्ष १९८९ च्या जानेवारींत ‘लॅन्सेट’मध्यें छापला. शेंकडा ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वीं कधीं तपासणी झालेल्या शेंकडा आठच. या बायका काय त्या वर्षींच आजारी पडल्या? त्या वर्षानुवर्षें ‘बऱ्या’च होत्या, त्यांना कोणी विचारलें नव्हतें इतकेंच. त्या निबंधानंतर खेड्यांतल्या स्त्रियांचें आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण नव्हे हें जगाला मान्य करावें लागलें. बंगांच्या दवाखान्याचें नांवहि लोकांच्या इच्छेवरून ‘माँ दंतेश्वरी’ असें ठेवलेलें आहे, आणि त्याची बांधणी आदिवासी घरांसारखी आहे, कारण मोठ्या इस्पितळाची इमारतच त्या लोकांना भेडसावते. भामरागडच्या बाजूस हेमलकशाला १९७३ च्या डिसेंबरापासून आमटे कुटुंबानें चालविलेला दवाखानाहि याच रीतीनें वाढला. आधीं माडिया भाषा शिकावयाची, मग औषध द्यावयाचें.

सरकार कांहींच करीत नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. नक्षली अथवा दहशतवादी हिंसेंत सांपडलेल्या सामान्य नागरिकांसाठीं केंद्र सरकारची मदतीची योजना १ एप्रिल २००८ पासून आहे. मृत्यु आल्यास किंवा शेंकडा ५० वा अधिक कायमचें अपंगत्व आल्यास प्रथम तीन लाख रुपये मिळत. २०१६ पासून ही रक्कम पांच लाख झाली. पण हें पन्नास मोजावयाचें कशानें? पाय किती अंशांत वळतो हें मोजण्याचें साधन डॉक्टरांच्या टेबलावर असतें. रात्र किती लांबते हें मोजण्याचें साधन कोणत्या कचेरींत आहे? वळत नसलेला गुडघा एकटा पन्नास भरत नाहीं. आणि त्या गुडघ्यामुळें नव्हे तर अंधाराच्या भीतीनें बुडालेली मोहाची मिळकत कोणत्याच रकान्यांत बसत नाहीं.

आणि उपाय नाहींत असेंहि नव्हे. मानसवैद्य शोधावयास आलापल्लीहून मोठ्या शहरापर्यंत जावें लागतें, आणि मोटारींत न बसणाऱ्या बाईला तें शहर म्हणजे लंकाच. पण गोव्यांत डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ पासून जें काम केलें त्यांत त्यांनीं वैद्यकाचें शिक्षण नसलेल्या साध्या माणसांना थोड्या शिकवणीनें तयार करून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसविलें. तीव्र उदासीनतेच्या रोग्याशीं सहा ते आठ बैठका. त्यांत मुख्य गोष्ट ही कीं, सोडून दिलेलीं कामें व गांठीभेटी एकेक करून पुन्हां हातीं घ्यावयास लावणें. तीन महिन्यांनीं पाहिलें तेव्हां अशा रोग्यांपैकीं शेंकडा ६४ जणांचा आजार उतरला होता. नेहमीची व्यवस्था ज्यांना मिळाली त्यांच्यांत ३९. आणि आमच्या विदर्भांतच, अमरावती जिल्ह्याच्या तीस खेड्यांत, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या चिंतेंतून ‘विश्राम’ नांवाचा कार्यक्रम झाला. त्यापूर्वीं उदासीनतेनें ग्रासलेल्या शंभरांतले चारच जण कोणाकडे मदतीस जात. गांवचींच माणसें घरोघर बोलूं लागल्यावर ही संख्या सत्तावीसवर गेली. नुसत्या विचारण्यानें एवढें होतें.

वहिनींना आम्हीं हें सर्व पत्रानें कळविलें. त्या व्यवहारी, त्यांनीं उलट लिहिलें कीं, बैठका-बिठका आपणांस जमणार नाहींत, पण त्या बाईच्या गांवच्या आशाताईशीं बोलून पाहिलें आहे. पुढच्या चैत्रांत दोघी शेजारणी उजाडल्यावर, सूर्य चांगला वर आल्यावर, तिला घरापासून दिसणाऱ्या एका झाडापर्यंत घेऊन गेल्या. तोंपर्यंत बरींच फुलें इतरांनीं वेंचलेलीं असतात. अर्धी टोपली मिळाली. तिसऱ्या दिवशीं ती गेली नाहीं. पांचव्या दिवशीं पुन्हां गेली. मोरीवरून ती अजून चालत नाहीं. मुलीची शाळा सुटली ती सुटलीच.

आतां लढाई संपत आली असें म्हणतात, आणि तसें दिसतेंहि. १ जानेवारी २०२५ रोजीं गडचिरोलींत तारक्कानें मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यापुढें शस्त्र खालीं ठेवलें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तिचा पति भूपती साठ साथीदारांसह शरण आला. राज्याच्या २००५ च्या आत्मसमर्पण योजनेखालीं अशांना पैसा, घर, काम देण्याची तरतूद आहे, आणि ती असावी असेंच आम्ही म्हणूं; रानांतून आलेल्या त्या बायकांच्या अंगांतहि गोळ्यांचे वण असतील आणि त्यांनाहि रात्रीं झोंप येत नसेल. आमची भीति निराळी आहे. लढाई चालू असतांना निदान बातमीची शेवटची ओळ तरी छापली जात होती. लढाई संपली म्हणजे ती ओळहि बंद होईल, फौजा जातील, फायली बांधल्या जातील, आणि रस्ते रुंद होऊन त्यांवर नव्या मोऱ्या बांधल्या जातील. म्हणून जें काय विचारावयाचें तें आतांच विचारून घेतलें पाहिजे. गांवोगांवच्या आशाताईंजवळ बाळंतिणीची वही असते, क्षयाची असते. तशीच एक वही या बायकांची असावी. ती माडिया व गोंडी बोलणाऱ्या बाईनें, घरच्या पुरुषांसमोर नव्हे तर अंगणाच्या कडेला बसून भरावी. आणि एकदां भरून कपाटांत ठेवूं नये, दर वर्षीं पुन्हां विचारावें. विचारण्याचा काळ फाल्गुनाच्या आधींचा धरावा. मोह गळूं लागल्यावर गांवांत कोणाला सवड नसते, आणि कोणाबरोबर कोणी जावयाचें तें त्यापूर्वींच ठरवावें लागतें.